स्वस्ताईचा हिशेब : एका दुकानसाखळीच्या इतिहासाची प्रस्तावना

महाराष्ट्रात गेल्या पाव शतकात कोणते उद्योग मोठे झाले, असे विचारले तर उत्तरात सॉफ्टवेअर येते, मोटारी येतात, औषधे येतात. किराणा दुकान कोणाला आठवत नाही. किराणा आपल्या लेखी उद्योगच नव्हे. ती कोपऱ्यावरची सोय. तरीही २००२ साली मुंबईतल्या पवईत उघडलेल्या एका दुकानाची मार्च २०२५अखेर ४१५ दुकाने झाली आणि त्या आर्थिक वर्षात त्यांनी मिळून ५७,००० कोटी रुपयांहून अधिक विक्री केली. विकले काय, तर तूरडाळ, साखर, गोडेतेल, कपडे धुण्याची पावडर, स्टीलचे डबे, झाडू, पायपुसणी आणि लहान मुलांचे टी-शर्ट. यातली एकही वस्तू नवी नव्हती. सगळ्या वस्तू गल्लीतल्या वाण्याकडे किंवा बाजारपेठेत आधीपासून मिळतच होत्या. मग लोक ट्रॉली ढकलत रांगेत उभे का राहू लागले? डी-मार्ट या साखळीचा इतिहास लिहिताना हाच प्रश्न या पुस्तकाने पुढे ठेवला आहे.

या इतिहासाची एक आवृत्ती सगळ्यांच्या परिचयाची आहे. शेअर बाजारात नाव कमावलेले, पांढऱ्या कपड्यांतले, मुलाखती न देणारे राधाकिशन दमाणी किरकोळ व्यापारात उतरतात आणि पाहता पाहता देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत जाऊन बसतात. वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर आणि गुंतवणुकीच्या शिबिरांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. त्यात खोटे काही नाही. पण ती सांगताना गिऱ्हाईक गोष्टीबाहेर राहते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यादी करणारी, तेलाच्या पिशवीमागे चार रुपये वाचले तर दोन किलोमीटर चालायला तयार असणारी गृहिणी या यशामागे आहे. ती दमाणींच्या कितीतरी आधीपासून स्वस्त दुकान शोधत होती. तिच्यासाठी असे दुकान उभे करण्याचे प्रयत्नही कितीतरी आधी सुरू झाले होते. म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण पवईत उघडत नाही, ते नायगावात उघडते.

मुंबईत वाणसामानाचा भाव हा व्यापाराचा प्रश्न होण्याआधी राजकारणाचा प्रश्न होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, शहरात रेशनिंग आले आणि धान्यासाठी रांग लावण्याची सवय कामगार कुटुंबांना तेव्हापासून लागली. १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांनी आपले धान्याचे दुकान आपणच चालवायचे ठरवले. त्या छोट्या सहकारी दुकानाचे पुढे ‘अपना बाजार’ झाले. १९६२च्या चीन युद्धानंतर भाव भडकले, तेव्हा केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना हाती घेतली. १९६६च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि जुलैत दिल्लीच्या कनॉट प्लेसमध्ये ‘सुपर बाजार’ उघडला. मुंबईत १९६८पासून सहकारी भांडार आले. कुलाब्याला रीगल सिनेमाजवळचे त्यांचे दुकान जुन्या मुंबईकरांना अजून आठवत असेल. धान्य निवडून, पिशवीत भरून, वर वजन आणि भाव लिहून मांडून ठेवलेले असते आणि ते आपल्या हाताने उचलून घ्यायचे असते, ही गोष्ट मराठी मध्यमवर्ग अशा दुकानांतून शिकला. ट्रॉलीची सवय मॉलने लावली, हा समज या इतिहासापुढे टिकत नाही.

पुढे १९७२चा दुष्काळ आला. तेल, साखर, रॉकेल मिळेनासे झाले आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. महागाईवर बोलायला भाषण लागत नाही, रिकामा डबा पुरतो, हे त्या मोर्चांनी दाखवून दिले. त्यानंतर लवकरच बिंदुमाधव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीची रीत साधी होती: शेजारपाजारच्या कुटुंबांनी एकत्र येऊन संघ करायचा, महिन्याची मागणी आधी नोंदवायची, संस्थेने घाऊक खरेदी करायची आणि माल थेट संघाकडे पोचवायचा. दुकान नाही, काउंटर नाही, जाहिरात नाही. तिकडे वारणेच्या खोऱ्यात तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने वारणा बाजार उभा राहिला आणि साखर कारखान्याच्या परिसरातल्या खेड्यांना एका छपराखाली वाणसामान, कापड आणि भांडी मिळू लागली. ज्या काळात मोठे दुकान ही फक्त शहराची मिरासदारी होती, त्या काळात हे घडले.

हा सगळा वारसा सांगण्यामागे एक कारण आहे. डी-मार्टने जे प्रश्न सोडवले, ते आधी सहकाराने मांडले होते: मधले दलाल कमी कसे करायचे, घाऊक खरेदीचा फायदा पिशवीपर्यंत कसा पोचवायचा, माप आणि दर्जा यांवर विश्वास कसा निर्माण करायचा. उत्तरेही पुष्कळशी तीच होती. फरक पडला तो मालकीत. सहकारी दुकानात सभासदाला लाभांश हवा असतो, नोकराला कायमची नोकरी, संचालकाला पुढची निवडणूक आणि गिऱ्हाइकाला स्वस्त माल. एकच दुकान या चौघांना पुरे पडेनासे झाले, की सर्वांत आधी भाव वाढतो, नाहीतर माल संपतो. त्यात १९८२च्या संपानंतर गिरणगाव विस्कटले. सहकारी दुकानांचे हक्काचे गिऱ्हाईक डोंबिवली, विरार, नवी मुंबई असे पांगले. दुकाने जुन्या वस्त्यांत राहिली आणि माणसे नव्या वस्त्यांत गेली. पुढे डी-मार्टची भरभराट झाली ती याच नव्या वस्त्यांत. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

दरम्यान गल्लीतला वाणी जागच्या जागी होता आणि आजही आहे. त्याला कमी लेखणाऱ्यांशी मी सहमत नाही. वाण्याच्या वहीत घराघराचे खाते असे. पगार लांबला तरी चूल पेटत असे ती त्या वहीच्या भरवशावर. तो घरपोच माल देई, खवट निघालेले शेंगदाणे परत घेई, कोणाच्या घरी लग्न निघाले आहे याची खबर ठेवी. ही सेवा फुकट नव्हती. तिची किंमत भावात मिसळलेली होती, म्हणून दिसत नव्हती. वाणी वितरकाकडून थोडाथोडा माल उचलतो, त्यामुळे त्याला तो महाग पडतो. उधारीत त्याचा पैसा अडकतो. त्याला सवलत द्यायची नसते असे नाही, ती द्यायला त्याच्या हातात फारसे उरत नाही.

या व्यवहाराला एका सरकारी नियमाने नकळत कलाटणी दिली, आणि त्याची दखल फारशी कोणी घेतलेली नाही. आवेष्टित वस्तूंवर वजन आणि किंमत छापण्याचे नियम १९७७ साली आले. पुढे त्यात सुधारणा होऊन ‘सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत’ (एमआरपी) छापणे सक्तीचे झाले. हेतू असा, की दुकानदाराने गिऱ्हाइकाला लुबाडू नये. प्रत्यक्षात बहुतेक दुकानांत ही कमाल किंमतच नेहमीची किंमत होऊन बसली. पण छापील आकड्याखाली विकणारा कोणी निघाला, तर त्याची स्वस्ताई सिद्ध करायला त्याला काहीच करावे लागणार नव्हते, कारण पुरावा वेष्टनावरच छापलेला होता. बाजारभाव माहीत नसलेल्या नवख्या माणसालाही एमआरपी आणि दुकानाची किंमत शेजारी शेजारी वाचता येत होती. डी-मार्टच्या प्रत्येक फळीवर लावलेली दोन आकड्यांची चिठ्ठी हीच त्याची जाहिरात झाली.

आता दमाणींकडे येऊ. बॉल बेअरिंगचा व्यापार, मग दलाल स्ट्रीट, मग मोठ्या कंपन्यांत दीर्घ मुदतीची गुंतवणूक असा त्यांचा प्रवास. रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांच्या व्यवसायात त्यांना विशेष रस होता. १९९९ साली त्यांनी नवी मुंबईत नेरुळला ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी घेऊन दुकान चालवून पाहिले. देशातल्या सर्वांत यशस्वी खासगी किराणा साखळीच्या संस्थापकाने पहिले धडे गिरणी कामगारांच्या सहकारी संस्थेच्या पाटीखाली गिरवले, एवढ्या एका गोष्टीतच या पुस्तकाचा गाभा आला. ते प्रारूप त्यांना पटले नाही. २००० साली ‘अव्हेन्यू सुपरमार्ट्स’ ही कंपनी नोंदवली गेली आणि २००२ साली पवईत पहिले डी-मार्ट उघडले. पुढे हिंदुस्थान लिव्हरमधून आलेल्या नेव्हिल नोरोन्हा यांच्याकडे कारभार गेला आणि जवळजवळ दोन दशके तो त्यांच्याकडेच राहिला. मालकाने मागे राहायचे आणि व्यवस्थापकाने दुकान चालवायचे, ही विभागणी इतकी वर्षे टिकणे आपल्याकडच्या घराण्यांच्या धंद्यांत दुर्मीळ आहे.

स्वस्ताई कशी साधली, याचे उत्तर या पुस्तकातली मधली प्रकरणे तपशिलाने देतात. इथे फक्त मांडणी सांगतो. पहिली गोष्ट जागा. बहुतेक साखळ्या भाड्याच्या जागेत दुकान थाटतात. भाडे दर काही वर्षांनी वाढते आणि शेवटी ते डाळीच्या भावात उतरते. डी-मार्टने शक्यतो जागा विकत घ्यायची किंवा तीसहून अधिक वर्षांच्या पट्ट्यावर घ्यायची, असे धोरण ठेवले. झगमगत्या मॉलपासून दूर, दाट वस्तीच्या कडेला जमीन घेऊन त्यांनी इमारती उभारल्या. यात भांडवल खूप अडकते, म्हणून वाढ मंदावते. २०१० साली, म्हणजे पहिल्या दुकानानंतर आठ वर्षांनी, डी-मार्टची दुकाने पंचविसाच्या आसपासच होती. पण एकदा जागा आपली झाली, की मंदी येवो वा महामारी, घरमालक दाराशी येत नाही.

दुसरी गोष्ट पुरवठादाराचे पैसे. किरकोळ व्यापारात पुरवठादाराला थकवणे हे अनेक ठिकाणी कौशल्य मानले जाते: माल आज घ्यायचा, विकून मोकळे व्हायचे आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी द्यायचे. त्या मधल्या पैशांवर दुकाने वाढतात. डी-मार्टने उलटा रस्ता धरला आणि साधारण आठवड्या-दीड आठवड्यात बिले चुकती करण्याचा पायंडा पाडला. रोकड लवकर मिळते म्हटल्यावर पुरवठादार भाव कमी करतो आणि टंचाईच्या दिवसांत माल आधी तिकडे पाठवतो. हाती पैसा असलेल्या व्यापाऱ्याला घाऊक बाजारात नेहमीच मान असतो. मसजिद बंदरच्या भुसार पेढ्यांवर जे चालत आले, तेच इथे मोठ्या प्रमाणावर आणि शिस्तीने झाले.

तिसरी गोष्ट भूगोल. नवे दुकान जुन्या दुकानांच्या जवळपास काढायचे, म्हणजे एकाच गोदामातून अनेक दुकानांना माल जातो, ट्रक अर्धे रिकामे धावत नाहीत आणि त्या भागातल्या लोकांच्या आवडीनिवडीही माहीत असतात. त्यामुळे साखळी आधी मुंबई-ठाणे-पुणे आणि गुजरात या पट्ट्यात घट्ट झाली, मग तेलंगणा, कर्नाटक, आंध्र प्रदेश असे करत सरकली. २०१७ साली समभाग विक्रीला काढले, तेव्हाही जवळपास निम्मी दुकाने एकट्या महाराष्ट्रात होती. म्हणूनच या पुस्तकात तिला प्रादेशिक साखळी म्हटले आहे. ती देशभर पोचली तरी तिची चाल प्रादेशिकच राहिली.

चौथी गोष्ट नकाराची. दुकानात प्रत्येक वस्तूचे शंभर प्रकार नसतात, लवकर खपणारे तेवढेच असतात. सजावट बेताची, मोठमोठे सेल नाहीत, नटनट्यांच्या जाहिराती नाहीत, घरपोच सेवेचा आग्रह नाही आणि उधारी तर मुळीच नाही. ठोकळमानाने शंभर रुपयांच्या विक्रीतले पंच्याऐंशी मालाच्या खरेदीत जातात. उरलेल्या पंधरांत पगार, वीज, वाहतूक, घसारा आणि कर भागवून पाचेक रुपये नफा राहतो. वाण्याची जी सेवा भावात मिसळलेली होती, ती इथे भावातून काढून टाकली गेली आणि तिचे काम गिऱ्हाइकावर सोपवले गेले. ट्रॉली त्याने ढकलायची, रांगेत त्याने उभे राहायचे, पिशव्या त्याने वाहायच्या, पैसे रोख किंवा कार्डाने तिथल्या तिथे त्याने द्यायचे. या अदलाबदलीला लोकांनी आनंदाने होकार दिला.

याच काळात इतरांनी दुसरे रस्ते धरले होते. चेन्नईची ‘सुभिक्षा’ १९९७ साली सुरू झाली. पहिली काही वर्षे तीही प्रादेशिक, काटकसरी साखळी होती. मग तिने देशभर झेप घेतली, थोड्या वर्षांत सुमारे १,६०० दुकाने उघडली आणि २००९ साली रोकड संपून ती बंद पडली. किशोर बियाणी यांचे ‘बिग बाजार’ २००१ साली आले. गर्दी, गोंगाट आणि उत्सव यांचे भारतीय मिश्रण त्यांनी दुकानात आणले आणि मध्यमवर्गाला मोठ्या दुकानाची भीती वाटणार नाही असे केले. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. पण कर्ज आणि भाडे यांचा भार वाढत गेला, त्यात कोविड आला आणि २०२२च्या सुरुवातीला त्यांची कितीतरी दुकाने रिलायन्सच्या ताब्यात गेली. या दोघांच्या तुलनेत डी-मार्टचा आठ वर्षांचा संथपणा फार बोलका आहे. त्या काळात त्याला भित्रेपणा म्हणणारे पुष्कळ होते.

मार्च २०१७मध्ये अव्हेन्यू सुपरमार्ट्सचा समभाग २९९ रुपयांना विक्रीला आला आणि बाजारात नोंदला गेला त्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. मार्च २०१७अखेर १३१ दुकाने होती, मार्च २०२०ला २१४, मार्च २०२३ला ३२४ आणि मार्च २०२५ला ४१५. दुकाने आकारानेही वाढली: सरासरी तीस-एकतीस हजार चौरस फुटांवरून चाळीस हजारांच्या पुढे. पण आलेख पाहून भारावून जाण्यापेक्षा हा विस्तार कोणत्या गावांत झाला ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नाशिक, अमरावती अशा शहरांत डी-मार्ट आले, तेव्हा शहराच्या एका टोकाला नवी बाजारपेठ तयार झाली. आसपासच्या गावांतून लोक दुचाकीवर, रिक्षाने, पाहुण्यांना सोबत घेऊन येऊ लागले. शेजारी वडापावच्या गाड्या लागल्या, रस्ता तुंबू लागला, जमिनीचे भाव चढले. ‘आमच्याकडे डी-मार्ट झाले’ हे वाक्य गावाच्या प्रगतीचा दाखला म्हणून उच्चारले जाऊ लागले. मुंबई-पुण्याच्या माणसाला ज्या भावात साखर मिळते त्याच भावात आपल्याला मिळते, ही बरोबरीची भावना त्यामागे आहे आणि तिला हसणे योग्य नाही.

तरी हिशेबाची दुसरी बाजूही मांडायलाच हवी, आणि हे पुस्तक ती टाळत नाही. २०१२ साली केंद्राने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हा देशभर व्यापाऱ्यांनी बंद पाळले. सगळ्यांची नजर वॉलमार्टवर होती. त्याच वर्षांत देशी भांडवलाची, मराठी-गुजराती वस्त्यांत रुजलेली एक साखळी शांतपणे वाढत होती आणि तिच्याविरुद्ध घोषणा देण्याचे कोणाला सुचले नाही. वाण्यांचे काय झाले? सगळे संपले, हे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. दूध, पाव, सुटे खोबरे, संध्याकाळी अचानक लागणारी पावशेर साखर यांसाठी ते टिकून आहेत. पण महिन्याची मोठी यादी त्यांच्याकडून गेली, आणि त्यांचा खरा आधार तीच होती. उरले ते फुटकळ गिऱ्हाईक आणि ज्यांच्याकडे महिन्याचे सामान एकदम भरण्याइतका पैसा नसतो ते. स्वस्ताईचा लाभ ज्याच्या हाती महिन्याच्या सुरुवातीला चार-पाच हजार रुपये असतात त्यालाच पुरता मिळतो. हातावर पोट असणाऱ्याला अजूनही पुडीच्या भावानेच तेल घ्यावे लागते. स्वस्त दुकानाच्या कोणत्याही गुणगानात हे वाक्य गाळले जाऊ नये.

कामगारांचा प्रश्नही असाच. मोठ्या दुकानांत मोठ्या संख्येने तरुण मुले-मुली कामाला लागली. दहावी-बारावी झालेल्या, गावाकडून आलेल्या अनेकांची ती पहिली नोकरी. वेळेवर पगार, डोक्यावर छप्पर आणि मुलींना तुलनेने सुरक्षित वातावरण हे त्याचे मोल. पण किरकोळ व्यापारात कंत्राटी मनुष्यबळाचा वाटा मोठा असतो आणि दिवसभर उभे राहण्याचे काम फार वर्षे करता येत नाही. नायगावच्या दुकानात गिऱ्हाईक, मालक आणि कामगार एकाच चाळीत राहत असत. आताच्या दुकानात तिघांची भेट होते ती बिलिंग काउंटरवर, आणि मालक तर तिथेही नसतो. सहकारातला सभासद सर्वसाधारण सभेत उठून संचालकाला जाब विचारू शकत होता. आजच्या गिऱ्हाइकाला भाव मिळाला, पण तो हक्क गेला. या व्यवहारात समाजाने काय कमावले आणि काय गमावले, हे या पुस्तकाने ठरवून सांगितलेले नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले आहेत, आणि तेच बरे.

शेवटची प्रकरणे आजच्या दिवसांपर्यंत येतात. दहा-पंधरा मिनिटांत घरी सामान आणून देणाऱ्या ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट यांनी महानगरांत नवी सवय लावली आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये कंपनीने स्वतःच मान्य केले, की मोठ्या शहरांतल्या अतिशय जोरात चालणाऱ्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे. त्यानंतर लगेच समभाग चांगलाच घसरला. ‘डी-मार्ट रेडी’ ही कंपनीची ऑनलाइन शाखा आहे, पण तिनेही घाई केलेली नाही. काही शहरांतून तिने हात आखडता घेतला आणि मोजक्या ठिकाणी लक्ष दिले. २०२५च्या जानेवारीत नोरोन्हा यांच्या जागी युनिलिव्हरमधून आलेल्या अंशुल असावा यांची निवड जाहीर झाली. म्हणजे ही गोष्ट संपलेली नाही, नेमक्या वळणावर आहे. घरपोच सेवा आणि उधारी देणाऱ्या वाण्याला ज्या दुकानाने मागे टाकले, त्याच्यापुढे आता पुन्हा घरपोच सेवाच उभी आहे. फरक इतकाच, की या वेळी तिच्या मागे गुंतवणूकदारांचा पैसा आहे.

माझा स्वतःचा कौल असा. मिनिटांत माल देणाऱ्या सेवा शहरांत राहतील आणि वाढतील, पण महिन्याची यादी इतक्यात मरणार नाही. ज्या घरात पगार महिन्याला येतो आणि खर्चाचा अंदाज डब्यांवरून बांधला जातो, तिथे वेळेपेक्षा पैसा वाचवण्याला मान राहील. अशी घरे महाराष्ट्रात आणि भोवतालच्या राज्यांत पुष्कळ आहेत. तालुक्याच्या गावांतून त्यांची संख्या अजून वाढते आहे. धोका बाहेरच्या स्पर्धकापेक्षा आतून येऊ शकतो: जमीन महागली आणि मोक्याची जागा मिळेनाशी झाली तर, किंवा संथपणाचा वारसा नव्या व्यवस्थापनाला ओझे वाटू लागला तर.

अशा पुस्तकांची आपल्याकडे उणीव आहे. राजकारण्यांची चरित्रे, साखर कारखान्यांचे सुवर्णमहोत्सवी अंक, उद्योगपतींच्या गौरवगाथा भरपूर निघतात. पण आपण रोज जिथे पैसे मोजतो त्या दुकानाचा इतिहास लिहावा, असे सहसा कोणाला वाटत नाही. हे लेखन कंपनीची प्रसिद्ध झालेली कागदपत्रे, सहकारी संस्थांचा इतिहास आणि बाजारपेठेतले व्यवहार यांच्या आधारे केलेले आहे. त्यात मालकाची स्तुती करण्याची घाई नाही आणि भांडवलदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचीही नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते उपयोगी पडेल. छोट्या दुकानदाराने तर ते जरूर वाचावे. त्याला त्यात आपल्या पराभवाची कारणे सापडतील आणि आपल्या बळाचीही.

वाचकाला एकच विनंती. पुढच्या वेळी सामान भरून झाल्यावर बिलाच्या तळाशी तुम्ही एमआरपीपेक्षा किती रुपये वाचवले तो आकडा छापलेला दिसेल. तो खरा आहे. पण तो वाचल्यावर हेही स्वतःला विचारा, की हे पैसे कोणत्या खर्चातून वाचले: भाड्यातून, दलालीतून, जाहिरातीतून, की कोणाच्या तरी पगारातून आणि कोणाच्या तरी उधारीच्या वहीतून. त्याचे उत्तर शोधायचे असेल तर पुढची प्रकरणे सावकाश वाचा.